सुनेच्या रक्तात खोट शोधू नका

गरोदर सुनेची साखर वाढली की घरातला पहिला प्रश्न ठरलेला, "तुझ्या माहेरी कुणाला आहे का गं?" डॉक्टर हेच विचारतात ते तपासणी लवकर करता यावी म्हणून. घरातले विचारतात ते दोष कुणाच्या पदरात टाकायचा हे ठरवायला. माझ्या दुसऱ्या खेपेला मी हे सोसलं आहे, म्हणून स्पष्टच लिहिते.

आनुवंशिकता मी नाकारत नाही. टीसीएफ७एल२ आणि एमटीएनआर१बी या जनुकांत ठरावीक बदल असलेल्या बायकांना गरोदरपणात मधुमेहाचा धोका जास्त असतो. पण हे बदल घरोघरी आहेत, ज्यांना जन्मात मधुमेह होत नाही त्यांच्यातही. वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे प्रत्येकच गरोदर बाईचं शरीर इन्शुलिनला नीट दाद देईनासं होतं. मग स्वादुपिंड जास्त इन्शुलिन तयार करून वेळ निभावतं. ज्याची ताकद मुळात थोडी बेताची, ते मागे पडतं. यात त्या बाईचा काय अपराध? आणि पोटातल्या बाळाची अर्धी जनुकं तर सासरची! त्याला पुढे मधुमेह झाला, तर तो वारसा कुणाचा म्हणणार? सासऱ्यांच्या इन्शुलिनच्या सुया फ्रीजमध्ये असतात, पण त्यांचा विषय कुणी काढत नाही.

"अंगाने बारीक आहे, तिला कसली साखर?" हे आणखी एक घातक वाक्य. पुण्यातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या संशोधनातून दिसलं आहे की आपली बाळं जन्मतःच वजनाने कमी, पण त्या मानाने चरबीने जास्त असतात. बारीक बांध्यावर विसंबून तपासणी टाळणं हा निव्वळ अडाणीपणा आहे.

मात्र तपासणीसाठी जनुकांच्या महागड्या चाचण्या विकत घेऊ नका. त्यातून कळते ती फक्त शक्यता. आज रक्तात साखर किती, ते कळत नाही. ते कळतं ७५ ग्रॅम ग्लुकोजने. ते पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला, तर उपचार सुरू. उपाशी राहायची गरज नाही. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी ही पद्धत देशात रुजवली. ही तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करा, असं सरकारी मार्गदर्शक सूचनाच सांगतात. तरीही कितीतरी जणींची ती होतच नाही.

सगळ्यात मोठा गुन्हा बाळंतपणानंतर घडतो. साखर उतरली की घर निश्चिंत होतं आणि बाळंतिणीपुढे डिंकाचे लाडू येतात. २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणात अशा बायकांना पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सातपट निघाला. सहा आठवड्यांनी तिची साखर पुन्हा तपासायलाच हवी. बारशाची तारीख ठरवाल तेव्हा हीही तारीख ठरवा, आणि त्या दिवशी तिच्या नवऱ्याचंही रक्त तपासून घ्या.