मर्फीचा डॉक्टर

आयटीत काम करणाऱ्या प्रत्येकाला मर्फीचा नियम तोंडपाठ असतो. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज गेलं, सर्व्हर झोपला, की कोणीतरी हमखास म्हणतंच, "जे बिघडू शकतं ते बिघडणारच, बाबांनो!" मग सगळे हसतात, चहा मागवतात आणि रात्रभर बसतात. थोडक्यात काय, या नियमाचा अर्थ आपण 'नशिबात होतं, कोण काय करणार' असा लावून टाकलाय.

गंमत म्हणजे हा नियम ज्या माणसाने जगाला सांगितला, त्याला बरोब्बर उलटं म्हणायचं होतं. तो होता अमेरिकन हवाई दलातला एक डॉक्टर. कर्नल जॉन पॉल स्टॅप.

स्टॅपचा जन्म १९१० चा, ब्राझीलमधला. आईवडील मिशनरी. याने आधी बायोफिजिक्समध्ये पीएच.डी. केली, मग डॉक्टर झाला आणि १९४४ मध्ये लष्करी सेवेत शिरला. त्या काळी समज असा होता की माणसाचं शरीर १८ जीपेक्षा, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या अठरापटीपेक्षा, जास्त धक्का सोसूच शकत नाही. कॉकपिटचा सगळा हिशेब त्यावरच. अपघातात वैमानिक गेला की 'एवढ्या धक्क्यात कोण वाचणार?' म्हणायचं आणि फाइल बंद करायची. स्टॅपला शंका आली ती इथे. माणूस खरंच धक्क्याने मरतोय, की खुर्ची उखडल्याने आणि पट्टा तुटल्याने?

हे तपासायला १९४७ पासून त्याने रॉकेटवर चालणारी, रुळांवरून धावणारी गाडी वापरली. सुसाट पळवायची आणि कचकन थांबवायची. आधी पुतळे बसवले. मग स्वतः बसला. एकदा नव्हे, एकूण २९ वेळा! मनगट मोडलं, बरगड्यांना तडे गेले. १० डिसेंबर १९५४ ला, न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावर, वयाच्या ४४ व्या वर्षी ही स्वारी ताशी १,०१७ किलोमीटर वेगाने गेली आणि १.४ सेकंदात थांबली. धक्का होता ४६.२ जी. म्हणजे सत्तर किलोचा माणूस क्षणभर सव्वातीन टनांचा! डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेनासं झालं. पण गडी जगला. वर पुढची पंचेचाळीस वर्षं जगून १९९९ मध्ये ८९ व्या वर्षी गेला.

त्याचं उत्तर त्याला मिळालं होतं. माणूस समजत होते तेवढा नाजूक नाही. नाजूक असते ती खुर्ची.

आता मर्फी. १९४९ मध्ये कॅप्टन एडवर्ड मर्फी नावाचे इंजिनिअर याच प्रकल्पासाठी धक्का मोजणारे सेन्सर घेऊन आले. ते उलटे जोडले गेले आणि जिवावरच्या चाचणीचा आकडा आला शून्य. मर्फी वैतागून जे बोलले त्यावरून हा नियम निघाला. (नेमके शब्द काय होते, यावर पुढे बरेच वाद झाले.) पण पत्रकारांसमोर तो मांडला स्टॅपने. इतक्या धोक्याच्या प्रयोगांत कोणी मेलं कसं नाही, याचं कारण म्हणून! आमच्याकडे हा नियम आहे, त्यामुळे काय काय चुकेल याचा विचार आम्ही आधी करतो, असा त्याचा सूर होता. आपण जे वाक्य सर्व्हर पडल्यावर म्हणतो, ते स्टॅपची माणसं गाडी सुटण्याआधी म्हणत होती.

'जगातला सर्वात वेगवान माणूस' म्हणून लोक स्टॅपला डोक्यावर घेतात. मला विचाराल तर त्याचं खरं काम त्यानंतरचं. हवाई दलाचे वैमानिक विमानांपेक्षा मोटारींच्या अपघातात जास्त मरतायत, हे त्याच्या लक्षात आलं. मोटारी हे काही हवाई दलाच्या डॉक्टरचं काम नव्हे, अशी कुरकुर झालीच. पठ्ठ्या ऐकतोय कसला! १९५५ मध्ये त्याने हॉलोमनला मोटारगाड्यांच्या टकरींवर परिषदच भरवली. ती आजही त्याच्या नावाने भरते. १९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेच्या कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली, तेव्हा स्टॅप तिथे हजर होता.

बरं, आपल्याकडे काय? ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्री यांची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. ते मागे बसले होते आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार पट्टा लावलेला नव्हता. आठ दिवस देशभर चर्चा झाली. त्याच वर्षी पट्टा न लावल्यामुळे देशात १६,७१५ माणसं गेली, त्यांतली निम्मी चालक नव्हे, शेजारी किंवा मागे बसलेली. हा सरकारी आकडा. आणि आपण काय करतो? पट्ट्याची बीप बंद करायला खोटं बक्कल विकत आणून खोचतो! शेवटी मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन विक्रेत्यांना ती विकू नका असा आदेश द्यावा लागला.

एरवी अलर्ट म्यूट करणाऱ्या ज्युनिअरला आपणच झापतो ना? मग हे काय वेगळं आहे?

'मी नीट चालवतो' हे उत्तर मला ठाऊक आहे. अहो, चालवत असाल. पण पुढचा ट्रक तुम्ही चालवत नाही. आणि भौतिकशास्त्राला तुमचं लायसन्स दिसत नाही. एक्स्प्रेस-वेवर शंभरच्या वेगाने आदळणं म्हणजे साधारण तेराव्या मजल्यावरून खाली पडणं. गणित करून बघा, अकरावीचं आहे. बाल्कनीला कठडा हवा म्हणून बिल्डरशी भांडणारी आपण माणसं, आजीला मात्र मागच्या सीटवर 'असू दे गं, लांब कुठे जायचंय' म्हणून तशीच बसवतो.

एका डॉक्टरने स्वतःची हाडं मोडून हा प्रश्न सोडवून ठेवलाय. आपल्याला फक्त 'खट्' आवाज येईपर्यंत पट्टा ओढायचाय.

असो. उद्या रविवार. लोणावळ्याला निघाला असाल तर मागे बसलेल्यांनाही सांगा. हसतील. हसू देत. पट्टा लागेपर्यंत गाडी मात्र सुरू करू नका.