साधूच्या वेषातील जाहिरात

वर्धा नदीच्या काठावरील बल्लारपूर ही चंद्रपूरच्याही आधीची गोंड राजांची राजधानी. आज मात्र या गावाची देशभरातील ओळख जंगलातून येणाऱ्या दोन गोष्टींशी जोडलेली आहे. मार्च २०२३ मध्ये अयोध्येतील श्रीराम मंदिरासाठी सागवान काष्ठ वाजतगाजत रवाना झाले ते बल्लारपुरातून. आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूपासून कागद बनविणारी गिरणी गेल्या शतकाच्या मध्यापासून उभी आहे तीही बल्लारपुरातच. सागवानाचा मंदिराचा दरवाजा होतो, बांबूचा कागद होतो. कागद हाही एक दरवाजाच आहे. तो ज्ञानाकडे उघडतो, तसाच बाजाराकडेही उघडतो. फरक इतकाच की मंदिराच्या दारातून आत जाणाऱ्याला आपण कोठे चाललो आहोत हे ठाऊक असते. छापील पान उघडणाऱ्या वाचकाला मात्र अलीकडे ते ठाऊक असेलच असे नाही.

जाहिरात वाईट, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. आठवडी बाजारात उभा राहून आपल्या मालाची आरोळी ठोकणारा विक्रेता हा समाजाचा शत्रू नव्हे. तो विकायला बसला आहे हे सर्वांना दिसते, त्याची आरोळी ऐकून गिऱ्हाईक सावध होते, भाव करते, पटले तर घेते. परंपरागत जाहिरातीचे रूप हेच आहे. चौकट, कंपनीचे नाव, वस्तूचे चित्र. ती मोठ्याने बोलते, पण स्वतःच्या नावाने बोलते. गेल्या काही दशकांत मात्र व्यवसाय-व्यवस्थापनाचे पंडित सांगू लागले की आरोळीचे दिवस संपले. गिऱ्हाईकाला जाहिरात नको आहे, त्याला 'मजकूर' हवा आहे. त्याला उपयुक्त माहिती द्या, गोष्ट सांगा, सल्ला द्या, माल आपोआप विकला जाईल. व्यापाराच्या भाषेत यालाच 'कंटेंट मार्केटिंग' असे भारदस्त नाव आहे. मराठीत त्याला 'मजकुरी विपणन' म्हणता येईल.

या विचारात तथ्य नाही असे नाही. तथ्य आहे, आणि ते पाश्चात्त्य पंडितांकडून शिकण्याची महाराष्ट्राला गरजही नाही.

किर्लोस्करवाडीचा धडा

अमेरिकेत शेती-अवजारे बनविणाऱ्या जॉन डिअर कंपनीने १८९५ मध्ये 'द फरो' नावाचे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक सुरू केले. नांगराच्या तासाचे नाव धारण करणारे हे नियतकालिक मजकुरी विपणनाचा आद्य नमुना म्हणून जगभर सांगितले जाते. पण नांगर आणि नियतकालिक यांची जोडी मराठी मुलखातही जमली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते या समजुतीपायी शेतकरी त्याला हात लावेना. माल तयार होता, पण गिऱ्हाईकाच्या मनाची मशागत झालेली नव्हती. पुढे औंध संस्थानात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' हे कारखान्याचे मुखपत्र सुरू केले.

या पत्राचे पुढे काय झाले हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. नावातील 'खबर' गळून पडली आणि 'किर्लोस्कर' हे महाराष्ट्राचे मासिक झाले. त्याला १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' या भावंडांची जोड मिळाली. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच 'किर्लोस्कर'ने छापले. रूढींवर थेट घाव घालणारे ते लेखन छापल्याने पंप अधिक खपणार नव्हते, उलट काही गिऱ्हाईके दुरावण्याचाच संभव होता. तरीही ते छापले गेले.

कारखानदाराने मासिक काढले म्हणून ते मासिक अप्रामाणिक ठरले नाही, कारण मालकाचे नाव मुखपृष्ठावरच होते. 'किर्लोस्कर' हातात घेणाऱ्याला हे कोणाच्या घरचे पान आहे हे पहिल्या क्षणीच कळत होते. त्यानंतर आतील मजकूर स्वतःच्या बळावर उभा राहिला. मजकूर आणि जाहिरात यांचे नाते हे असे असावे. एकाने दुसऱ्याला आधार द्यावा, पण एकाने दुसऱ्याचे कपडे घालू नयेत.

वेष बदलला की हेतू बदलतो

आज जे चालले आहे ते याच्या नेमके उलट आहे. नवे विपणन मालकाचे नाव पुढे करीत नाही, ते लपविते. जाहिरातदार स्वतःचे घर बांधत नाही, तो संपादकाची खुर्ची भाड्याने घेतो. २००३ मध्ये देशातील एका बड्या वृत्तपत्रसमूहाने पुरवण्यांतील मजकुराची जागा पैसे घेऊन देण्याची रीतसर व्यवस्था सुरू केली. त्यापुढचे पाऊल म्हणून कंपन्यांकडून रोख रकमेऐवजी त्यांचे समभाग घेऊन प्रसिद्धी देण्याचे करार झाले. ज्या कंपनीचे समभाग वृत्तपत्राच्या तिजोरीत आहेत, त्या कंपनीची वाईट बातमी ते वृत्तपत्र कशी छापणार? हा प्रश्न इतका उघड होता की अशा कंपनीविषयीच्या बातमीत स्वतःची हिस्सेदारी जाहीर करा, असे 'सेबी'ला २०१० मध्ये सांगावे लागले.

वस्तूंच्या बाजारात जे रुजले ते राजकारणाच्या बाजारात पोहोचायला वेळ लागला नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्राने 'पेड न्यूज'चा उघडावाघडा अवतार पाहिला. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या गौरवाचा तोच मजकूर, तेच शब्द, वेगवेगळ्या नावांनी बातमी म्हणून प्रसिद्ध झाले. पानेच्या पाने भरली आणि निवडणूक खर्चात वृत्तपत्रीय जाहिरातींपोटी रक्कम दाखविली गेली ५,३७९ रुपये! हे प्रकरण उजेडात आणणारे पत्रकार पी. साईनाथ यांच्या विचारसरणीशी मतभेद असणाऱ्यांनीही त्यांच्या या कामाचे मोल मान्य केले पाहिजे. निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये या खर्चाच्या हिशेबावर ठपका ठेवला, आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने तो विषय तेथे संपला. वाचकाच्या दृष्टीने तो संपलेला नाही, कारण प्रश्न एका व्यक्तीचा वा एका पक्षाचा नव्हताच. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या २०१० च्या अहवालाने ही कीड किती खोल गेली आहे ते देशापुढे मांडले. उत्तर प्रदेशातील एका आमदाराला याच कारणावरून २०११ मध्ये अपात्र ठरविण्यात आले.

सीतेपुढे रावण दशमुखांनिशी, आयुधे घेऊन उभा राहिला असता, तर तिने भिक्षेची झोळी भरायला पाऊल पुढे टाकले नसते. तो आला साधूच्या वेषात. अतिथीला विन्मुख पाठवू नये, हा संस्कार तिच्या ठायी होता आणि त्याच संस्काराचा त्याने शस्त्रासारखा वापर केला. बातमीच्या वेषात येणारी जाहिरात नेमके हेच करते. छापील शब्दावर विश्वास ठेवावा, हा संस्कार मराठी मध्यमवर्गात 'केसरी'पासून रुजला आहे. तो विश्वास कमवायला पिढ्या लागल्या. तो विकून खाणाऱ्याला मात्र एका पुरवणीचे दरपत्रक पुरते.

चंद्रपूरला याची किंमत काय?

शहरी वाचकाला वाटेल की फार तर एखादी केशतेलाची बाटली जास्त खपेल, त्यात एवढे काय? बल्लारपूरच्या वाचकाने मात्र असे म्हणून भागणार नाही. हा कोळशाचा, सिमेंटचा, कागदाचा आणि औष्णिक विजेचा जिल्हा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक पट्ट्यांचे मोजमाप केले, तेव्हा चंद्रपूरचा प्रदूषण निर्देशांक ८३.८८ भरला आणि हा पट्टा अतिगंभीर ठरला. उद्योग नकोत असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही, हजारो घरांच्या चुली त्यावर पेटतात. पण उद्योग येताना त्याचे हिशेब जनतेपुढे उघडे असले पाहिजेत.

त्यासाठीच कायद्याने एक साधी तजवीज केली आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीची सूचना एका प्रमुख राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात द्यावी लागते, आणि लोकांना आपले म्हणणे मांडण्यासाठी किमान ३० दिवस द्यावे लागतात. आता हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. जनसुनावणीची सूचना आतल्या पानावर, बारीक टंकात, निविदांच्या गर्दीत. आणि उद्योगाची 'विकासगाथा' रंगीत पुरवणीत, हसऱ्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांसह, बातमी म्हणून! ज्या जाहिरातीवर ग्रामस्थाचे पाणी आणि शेत अवलंबून आहे ती दिसत नाही, आणि जी जाहिरात आहे हे कळायला हवे ती बातमी होऊन मिरवते. यापरता मोठा विपर्यास कोणता?

गडचिरोलीच्या सीमेवर याचे आणखी एक दुष्परिणामी टोक आहे. वनवासी बांधवांच्या मनात शासन आणि वृत्तपत्र यांविषयी अविश्वास पेरणे हेच माओवाद्यांच्या पत्रकांचे काम राहिले. 'छापून येते ते सारे पैसेवाल्यांचे', हा त्यांचा प्रचार. विकाऊ मजकूर छापणारा प्रत्येक माणूस त्या प्रचाराला नकळत पुरावा पुरवीत असतो. खऱ्या बातमीवरचा विश्वास उडाला की तिची जागा खोटी बातमी घेतेच असे नाही, बहुधा ती अफवा घेते. आणि अफवेला संपादक नसतो.

याच जिल्ह्यांत उजळ उदाहरणही आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने वनहक्क कायद्याच्या आधारे आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क मिळविला आणि २०११ मध्ये बांबू विक्रीसाठी वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. यामागे कोणतीही प्रायोजित यशोगाथा नव्हती. सर्वांसमक्ष, सर्वांच्या सहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा होती. ज्या बांबूचा कागद होतो, त्या बांबूचा व्यवहार एक वनवासी गाव उघड्यावर करू शकते, तर त्या कागदावर छापणाऱ्यांना आपला व्यवहार उघड्यावर करायला कोणती अडचण आहे?

दोष एकट्या मालकाचा नाही

या दुखण्याचे मूळ पैशात आहे हे खरे, पण तो पैसा केवळ मालकाच्या हव्यासाचा नाही. वाचकाला रोजचे दैनिक चहाच्या कपापेक्षा स्वस्त हवे असते. त्या किमतीत कागदाचाही खर्च निघत नाही. मग उरलेले पैसे कोणीतरी भरतो, आणि जो भरतो तो हक्क सांगतो. तालुक्याच्या गावी वार्ताहराला पुरेसे मानधन मिळत नाही, उलट पुरवणीसाठी जाहिराती गोळा करण्याचे लक्ष्य त्याच्या माथी मारले जाते. सकाळी ज्या दारी जाहिरातीसाठी जायचे, त्याच दाराविषयी संध्याकाळी निर्भीड बातमी लिहायची, ही अपेक्षा कोणत्या माणसाकडून करता येईल? देवर्षी नारदांना आद्य वार्ताहर मानणाऱ्या समाजाने एवढे लक्षात घ्यावे की नारद तिन्ही लोकी निर्धास्त फिरू शकले, कारण त्यांच्या झोळीत कोणाच्याच पुरवणीचे दरपत्रक नव्हते.

कायदा आपल्या परीने पुढे सरकला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुनरावृत्ती झाल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी शिफारस करणाऱ्याने आपले आर्थिक संबंध उघड करावेत असे बजावले. पण महाराष्ट्रात ग्राहक चळवळ कायद्याची वाट पाहत बसली नव्हती. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदाच नव्हता. तो १९८६ मध्ये आला. आधी समाज जागा होतो, मग कायदा येतो, हाच आपल्याकडील क्रम आहे. वाचक हाही ग्राहकच आहे, याचे भान आता जागवायचे आहे.

करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. पैसे घेऊन छापलेल्या प्रत्येक मजकुराच्या माथ्यावर 'जाहिरात' हा मराठी शब्द ठळक टंकात असावा. 'विशेष उपक्रम', 'प्रायोजित', 'माध्यम सहयोग' असल्या बुरख्यांची गरज नाही. वार्ताहराकडे जाहिरातीचे लक्ष्य असू नये. जनसुनावणीची सूचना ग्रामस्थाला वाचता येईल अशा आकारात छापली जावी, आणि कार्यकर्त्यांनी ती गावाच्या फलकावर लावावी, चावडीवर वाचून दाखवावी. घरात संध्याकाळी एकत्र बसणाऱ्या कुटुंबाने आठवड्यातून एकदा वृत्तपत्र पुढ्यात घेऊन मुलांना विचारावे की यातली बातमी कोणती आणि जाहिरात कोणती? हेही कुटुंबप्रबोधनच आहे.

आणि ही कसोटी परक्यांपुरती ठेवता येणार नाही. राष्ट्रीय विचारांच्या नियतकालिकांनीही ती स्वतःला आधी लावली पाहिजे. विचार आपला म्हणून त्यांच्या पानावरील लपविलेली जाहिरात पवित्र होत नाही. ज्यांना अशी पाने स्वच्छ हवी आहेत, त्यांनी वर्गणी वेळेवर भरावी आणि शेजाऱ्याकडूनही भरून घ्यावी. वाचकाच्या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या पत्राला कोणाच्या खिशाकडे पाहून लिहावे लागत नाही.

जाहिरातीने जाहिरात म्हणून यावे, तिचे स्वागत आहे. उद्योगाने 'किर्लोस्कर'सारखे आपल्या नावाचे, आपल्या खर्चाचे, उत्तम मासिक काढावे, त्याचे दुप्पट स्वागत आहे. परंतु झोळी घेऊन, भगवी वस्त्रे पांघरून दाराशी येणाऱ्याला आता नाव विचारले पाहिजे. बल्लारपूरच्या बांबूचा कागद पांढराच निघतो. त्यावर काळे काय करायचे, हे लिहिणाऱ्याच्या हाती असते आणि त्यातले काय खरे मानायचे, हे वाचणाऱ्याच्या.