फॉरमॅट मारण्याआधी

विंडोज ११ कडे जाणाऱ्यांची रांग अजून सरलेली नाही, आणि 'विंडोज उडालं, फॉरमॅट मारावा लागेल' हे दुकानांतलं पालुपदही. या आठवड्यात ते शेजाऱ्यांच्या लॅपटॉपच्या निमित्ताने पुन्हा ऐकलं. अपग्रेड हार्डवेअरची तपासणी चुकवून, पळवाटेने उरकलेलं. मग सगळं नियमात बसवायची हौस आली. दुकानातल्या मुलाने बायोसमध्ये शिरून जुना 'लेगसी' मोड बंद केला, सिक्युअर बूट चालू केलं. पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर एकच ओळ: 'नो बूटेबल डिव्हाइस'. निदान झालं, डिस्क गेली. उपाय ठरला, फॉरमॅट.

डिस्क ठणठणीत होती. तिची मांडणी फक्त जुन्या एमबीआर पद्धतीची होती. लेगसी बंद केल्यावर चालणाऱ्या युईएफआयला सुरुवातीची फाइल शोधायला फॅट३२ चं एक छोटं पार्टिशन लागतं. ते तिच्यावर नव्हतंच. लेगसी परत चालू केल्याबरोबर लॅपटॉप मुकाट उठला. मग बॅकअप घेतला, विंडोजसोबतच येणारं 'एमबीआरटूजीपीटी' चालवलं, डिस्क नव्या जीपीटी मांडणीची झाली आणि त्यानंतर सिक्युअर बूट चालू केलं. एकही फाइल गेली नाही. दुकानदाराचं ऐकलं असतं तर त्यात ठेवलेले सोसायटीचे सगळे हिशेब गेले असते.

आता याच गृहस्थांचा फोन बघा. गूगलने २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ पासून प्रणालीसाठी दोन कप्पे ठेवायची सोय दिली. ज्या फोनमध्ये ती आहे, तिथे एका कप्प्यावर काम चालू असताना नवी आवृत्ती दुसऱ्यात भरली जाते. रीस्टार्टनंतर फोन नव्या कप्प्यावरून उठून बघतो. उठला तर उत्तम. काही प्रयत्नांत नाहीच उठला, तर बूटलोडर निमूट जुन्याकडे वळतो. मालकाला फार तर एवढंच कळतं की अपडेट झालं नाही. क्रोमबुक पहिल्यापासून असंच वागतात. उबुंटूसारख्या लिनक्समध्येही जुना कर्नल ग्रब या बूट-मेनूच्या यादीत शिल्लक असतो. नवा रुसला तर जुना निवडायचा.

विंडोजमध्ये परतीची वाट नाही असं नाही. अपग्रेड मध्येच फसलं तर ते आपणहून मागे येतं. पूर्ण झालं तर जुनी प्रत 'विंडोज.ओल्ड'मध्ये राहते, पण परतायची मुदत साधारणपणे दहा दिवस. आणि परतीचं बटण सेटिंग्जमध्ये. यंत्रच उठत नसेल तर दुरुस्तीच्या पडद्यात आत कुठेतरी. कोणी म्हणेल, फोनमध्ये ढवळायला बायोस कुठे असतो? बरोबर. तिथे कुलूप आणि किल्ली एकाच्याच हातात असतात. पीसीत मदरबोर्ड एकाचा, विंडोज दुसऱ्याचं, हात तिसऱ्याचा आणि डेटा आपला. अशा ठिकाणी तर परतीची वाट दारातच हवी.

त्याऐवजी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने क्रॅशचा निळा पडदा काळा केला आणि त्यावरचा रडका चेहरा काढून टाकला. रडायचं काम आता पूर्णपणे ग्राहकाकडे. सोबत इंटरनेटवरून दुरुस्ती उतरवून घेणारी 'क्विक मशीन रिकव्हरी' आणली, तेवढं श्रेय देतो. पण विंडोज ११ साठी टीपीएम २.० या सुरक्षा चिपची सक्ती सुरक्षेपेक्षा नवे लॅपटॉप खपवण्यासाठी आहे, हा माझा जुना संशय काही जात नाही. पुरावा मागू नका. दुकानांच्या जाहिराती वाचा.

तर मंडळी, अपग्रेडला हात लावण्याआधी 'एमएसइन्फो३२' उघडून बायोस मोड 'लेगसी' आहे की 'युईएफआय' ते बघा. डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. सिक्युअर बूट किंवा टीपीएमला धक्का लागला की यंत्र बहुतेकदा तीच मागतं, आणि बदल पूर्ववत करूनही मागत राहिलं व ती नसली, तर डेटा कायमचा गेला असं समजा. आणि एवढं करूनही यंत्र उठलं नाही, तर शेवटी जे बदललं ते आधी पूर्ववत करायला सांगा. ते न करता जो फॉरमॅटची भाषा करतो, त्याच्या हातात लॅपटॉप देऊ नका.