आधी चालवून बघा

कुत्रा लंगडायला लागला की सोसायटीत ज्याच्या त्याच्याकडे निदान तयार असतं. वॉचमन म्हणतो काटा मोडलाय, दूधवाला म्हणतो कुणीतरी दगड मारला, खालच्या काकू म्हणतात वय झालं आता त्याचं. या सगळ्यांना बोलायला काय जातंय! पण फी घेऊन बसलेल्या डॉक्टरांनीही असाच अंदाज ठोकला तर?

आमचा बंड्या अस्सल गावठी. पावसाळ्यात उल्हास नदीकडच्या गवतात मनसोक्त लोळून येणारा. एका सकाळी त्याने मागचा डावा पाय टेकवणं सोडलं. दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी त्याला टेबलावर उचलून ठेवायला सांगितलं, गुडघा एकदोनदा वाकवला, ‘उडी मारताना मुरगळलाय’ म्हणाले आणि इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी स्वारी जिन्यावरून टणाटण उतरली. आठवडा जातो न जातो तोच पुन्हा लंगडणं सुरू. या वेळी मात्र पुढचा उजवा पाय. परत गेलो तर डॉक्टर म्हणाले, ‘फार उड्या मारतो हो तुमचा!’ आणि पुन्हा तेच इंजेक्शन.

मुरगळलेला पाय असा जागा बदलत नाही. आज मागचा, उद्या पुढचा असं लंगडणं फिरायला लागलं, तर दुखणं एखाद्या पायापुरतं नाही हे ओळखायला हवं. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लांमध्ये हाडांच्या सुजेमुळे असं होतं. पण आपल्याकडे, त्यातही पावसाळ्याच्या दिवसांत, पहिला संशय गोचीड तापाचा घ्यायला हवा. गोचीड चावते आणि एर्लिकिया नावाचा जिवाणू रक्तात सोडते. ताप येतो, प्लेटलेट्स घसरतात, सांधे सुजतात. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराची शेकडो कुत्री या रोगाने गेली. आमच्या बदलापुरातही गोचिडींबरोबर पसरणाऱ्या या रोगाला कमी लेखायचं कारण नाही.

शेवटी अंबरनाथच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी बंड्याला टेबलावर घेतलंच नाही. ‘काका, पट्टा सैल सोडा आणि त्याला गेटपर्यंत चालवत न्या,’ म्हणाल्या आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना कुत्रा डोकं वर उचलतो आणि चांगल्या पायावर खाली आणतो, हे मला तेव्हा कळलं. मग त्यांनी चारही पायांची बोटं फाकवून बघितली, हिरड्या दाबल्या, गळ्याखालच्या गाठी चाचपल्या, ताप मोजला. काटा १०४ वर. निरोगी कुत्र्याचं तापमान १०२.५ च्या आत असतं. सरतेशेवटी कानाची पाळी उलटली. आतल्या घडीत तुरीच्या दाण्याएवढी फुगून राखाडी पडलेली गोचीड! रक्त तपासलं तर प्लेटलेट्स लाखाच्याही खाली. असायला हव्यात किमान दोन लाख. डॉक्सिसायक्लिन सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत बंड्या चारही पायांवर आला. गोळ्या मात्र महिनाभर चालल्या. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत, असा दम होता.

पहिल्या डॉक्टरांचं निदान चुकलं याचा मला राग नाही. रोग फसवा आहे आणि संध्याकाळी दवाखान्याबाहेर रांग असते. राग आहे तो न बघण्याचा. मुरबाडच्या म्हसा यात्रेत बैल घेणारा शेतकरी बैल चालवून बघितल्याशिवाय कनवटीचे पैसे काढत नाही. आणि पदवी घेतलेल्या माणसाने लंगडणारा प्राणी टेबलावर उभा करून तपासावा? वर ते इंजेक्शन. वेदनाशामक दिलं की कुत्रा चालतो, मालक खूश होतो आणि रोग आत वाढत राहतो. प्लेटलेट्स आधीच कमी असतील तर काही वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोकाही वाढतो.

गोचिडींचं आणखी एक. कुत्र्याला पावडर चोपडून काम भागत नाही. हा रोग पसरवणारी तपकिरी गोचीड रक्त पिऊन झालं की अंगावरून उतरते, भिंतीच्या फटीत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. म्हणजे कुत्रा स्वच्छ, आणि वसाहत पलंगामागे. फटी बुजवा, गोणपाटं फेका.

तुमचा कुत्रा लंगडला तर घरातल्या गोळ्या देऊ नका. माणसाची आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जिवावर बेतते. निघण्याआधी मोबाइलवर त्याच्या चालण्याचा व्हिडिओ काढा, कारण दवाखान्याच्या भीतीने अनेक कुत्री तिथे नीट चालून दाखवतात. आणि डॉक्टर सुई भरायला लागले की न लाजता म्हणा, ‘डॉक्टर, आधी जरा चालवून बघता का?’ लंगडणं पाय बदलत असेल तर रक्ततपासणी त्याच दिवशी मागा. डॉक्टर रागावले तर दुसरा दवाखाना गाठा.