विश्लेषण : ‘लिरिल’ची धून घराघरांत पोहोचली, मग वनराज भाटियांचं ऑर्केस्ट्रा संगीत का नाही?

अकोल्यात ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की जत्रेतलं स्टेज, कीबोर्ड आणि फर्माइशीची गाणी आठवतात. इथे विषय दुसऱ्या ऑर्केस्ट्राचा आहे. साठ-सत्तर वादक, प्रत्येकापुढे स्वरलिपीचा कागद आणि ते सगळं आधी एकट्याने लिहून काढणारा संगीतकार. मुंबईचे वनराज भाटिया असेच एक. ३१ मे २०२७ रोजी त्यांच्या जन्माला १०० वर्षं होतील.

लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये आणि पुढे पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकून भाटिया १९५९ मध्ये परतले. पण लिहिलेलं वाजवणार कोण? पगारी वादकांचा कायमस्वरूपी सिम्फनी ऑर्केस्ट्रा देशातच नव्हता. पोटासाठी जाहिराती आल्या, मग श्याम बेनेगलांचे ‘अंकुर’, ‘मंथन’, ‘भूमिका’. ‘तमस’साठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्यांचा पियानो कॉन्सर्टो मात्र मोजक्यांनीच ऐकला.

ब्रिटनमध्ये काय वेगळं होतं?

पंजाबात जन्मलेले नरेश सोहल मुंबईमार्गे १९६२ मध्ये लंडनला गेले. संगीत-प्रकाशकाकडे स्वरलिपीच्या नकला उतरवण्याचं काम केलं. दिवसाच्या आठ प्रहरांवरची त्यांची ‘अष्टप्रहर’ ही रचना १९७० मध्ये लंडन फिलहार्मोनिकने वाजवली. १९८२ मध्ये ‘द वाँडरर’ बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात सादर झाली. सोहल भाटियांहून सरस होते, असा याचा अर्थ नाही. बीबीसीचे स्वतःचे ऑर्केस्ट्रा आहेत आणि त्यांचा खर्च मुख्यतः टीव्ही असलेल्या घरांकडून घेतल्या जाणाऱ्या परवाना शुल्कातून भागतो. म्हणजे वर्गणीच! गावोगावच्या यात्रेत तमाशाचा फड येतो तो याच हिशोबाने. फरक इतकाच, की तिथे नव्या, अनोळखी रचनेसाठीही त्यातून पैसे निघतात.

आता परिस्थिती बदलली का?

थोडी. मुंबईत एनसीपीएने २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. झाकीर हुसेन यांचा तबला आणि ऑर्केस्ट्रासाठीचा ‘पेशकार’ त्यानेच २०१५ मध्ये प्रथम सादर केला. ऑर्केस्ट्रा उभा राहिला तेव्हा भाटिया ७९ वर्षांचे होते. गिरीश कार्नाडांच्या नाटकावरचा ‘अग्निवर्षा’ हा ऑपेरा ते उतारवयातही लिहीत होते. त्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, तरी अखेरची वर्षं पैशांच्या ओढाताणीतच गेली. ७ मे २०२१ रोजी त्यांचं निधन झालं.

शताब्दीला भाषणं होतीलच. कॉन्सर्टो ऐकवायचा तर प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद तयार करावा लागतो, तालमी घ्याव्या लागतात आणि तालमीच्या दिवसांचाही पगार द्यावा लागतो.