गावाहून परतल्यावर आधी टाकी धुवा

मे महिना सरला, शाळा उघडायची वेळ झाली, की गावी गेलेली कुटुंबे परततात. महिनाभर बंद असलेले दार उघडते, केरकचरा निघतो, आणि प्रवासाने तहानलेली पोरे थेट नळाला ग्लास लावतात. पण तो नळ असतो पत्र्यावरच्या काळ्या टाकीचा! तिच्यात महिन्याभरापूर्वीचे पाणी तसेच पडून आहे, हे त्या घाईत कुणाच्या ध्यानी येत नाही.

पालिका पाणी शुद्ध करून, क्लोरीन घालून पाठवते हे खरे. परंतु क्लोरीन कायम टिकत नाही. उन्हाने तापलेल्या, साचलेल्या पाण्यातून तो उडून जातो आणि तळाचा गाळ व भिंतीवरचा बुळबुळीत थर यांत जंतूंना आयते घर मिळते. मग जुलाब, कावीळ, विषमज्वर. रोजंदारीच्या घरात कमावता माणूस आठवडाभर अंथरुणाला खिळला, तर मजुरीही गेली आणि वर दवाखान्याचा खर्च! म्हणून भगिनींनो, बाकीचा पसारा राहू द्या, आधी टाकी धुवा. आणि हे काम एकट्या बाईनेच करायचे असे कुठे लिहिलेले नाही. घरातले पुरुष आणि मोठी मुले यांनाही कामाला लावा.

टाकी नुसती रिकामी करून भागत नाही. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेलगत, ओलसर भिंतीला अंडी चिकटवतो. ती अंडी सुकली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागले की फुटतात. म्हणून भिंती घासायलाच हव्यात, झाकणाची आतली बाजूसुद्धा. नायलॉनचा ब्रश घ्या. तारेची घासणी नको, कारण प्लॅस्टिकवर ओरखडे पडले की त्यांतच घाण धरते. गाळ फडक्याने टिपून काढा. गाळ तसाच ठेवून औषध घातले, तर औषधाची निम्मी ताकद त्या गाळावरच खर्ची पडते.

यानंतर ब्लीचिंग पावडर. पाचशे लिटरच्या टाकीला १०० ग्रॅम, हजार लिटरला २०० ग्रॅम. पावडर ताजी हवी. गुठळ्या झालेली, नाकाला वास न लागणारी पावडर म्हणजे नुसता चुना समजा. ती प्लॅस्टिकच्या बादलीत पाण्यात कालवून अर्धा तास ठेवा. चुना खाली बसला की वरचे निवळ पाणी टाकीत ओता आणि टाकी काठोकाठ भरा. घरातला प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडून बंद करा, म्हणजे नळीसुद्धा आतून साफ होते. रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी ते पाणी मोरीत, संडासात वापरून संपवा. पिऊ नका, झाडांना घालू नका. मग वास जाईपर्यंत साध्या पाण्याने खळबळून घ्या.

आता कुणी म्हणेल, आमच्याकडे पाणी येते तासभर, टाकीभर पाणी ओतून कसे देणार? अगदी रास्त आहे. अशांनी १५ लिटरच्या बादलीत दोन-तीन चहाचे चमचे पावडर कालवून, त्या निवळीने टाकीच्या भिंती व तळ भिजवून काढावा, अर्धा तास थांबावे आणि धुऊन टाकावे. पिंपांनाही हाच उपाय. मात्र पिंप आठवड्यातून एकदा कोरडे करायलाच हवे.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. ब्लीचिंग पावडरमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू सुटतो आणि लहानशा मोरीत तो जिवावर बेततो. काम करताना तोंडाला फडके, हातात मोजे, आणि पावडरचा डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

हे झाले घरच्या लहान टाकीचे. हात घालून ती धुता येते. चाळीची किंवा सोसायटीची जमिनीखालची टाकी ही निराळी बाब आहे. आपली तरुण मुले चार पैशांसाठी असली कामे रोजावर घेतात, म्हणून मुद्दाम लिहितो. मुंबईत नागपाड्याला मार्च २०२५ मध्ये जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत उतरलेले चार मजूर गुदमरून मेले. गटार नव्हते, पाण्याचीच टाकी होती! बंद टाकीत कुजणारा गाळ आणि गंजणारे लोखंड हवेतला प्राणवायू खाऊन टाकतात. वास येत नाही, काही दिसत नाही, माणूस एकाएकी कोसळतो. आणि त्याला काढायला दुसरा उतरला, तर तोही तिथेच पडतो. मुकादम काहीही म्हणो, सगळी झाकणे उघडून, पंख्याने बराच वेळ आत हवा सोडल्याशिवाय उतरू नका. कमरेला दोर आणि वर माणूस हवाच. आत कुणी पडलाच, तर मागोमाग उडी न घेता १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला बोलवा.

घरची टाकी धुऊन झाली की झाकण घट्ट बसवा, वरून पाणी वाहून जाण्याच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा आणि टाकीच्या अंगावर रंगाने तारीख लिहा. पुढची धुलाई पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात.