ओठ शिवला म्हणजे काम संपले नाही

दुभंगलेल्या ओठाचे बाळ जन्मले की ‘आईने ग्रहण पाळले नाही’ असे म्हणणारे आपल्या कागल परिसरात आजही भेटतात. यात आईचा काहीही दोष नाही. गर्भ पहिल्या तीन महिन्यांचा असताना ओठाचे व टाळूचे भाग जुळायचे राहून जातात, एवढेच. जगात साधारण ७०० बाळांमागे एकाला हा दोष असतो.

ग्रहणाचा समज सोडलेले काही सुशिक्षित लोक मात्र दुसराच सल्ला देतात. ‘लहानपणी ऑपरेशन केले तर चेहऱ्याची वाढ खुंटते, मूल मोठे होऊ द्या.’ हे बोलणे अर्धेच खरे आहे, म्हणूनच ते जास्त घातक आहे.

खरे एवढेच की टाळू शिवल्यावर तेथे व्रण राहतो. व्रणाची जागा कडक असते, ती ताणली जात नाही. त्यामुळे वरच्या जबड्याची पुढे होणारी वाढ काही मुलांत कमी पडते. चेहऱ्याचा मधला भाग बसका दिसतो आणि खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. श्रीलंकेत १९८० च्या दशकात ब्रिटिश तज्ज्ञांनी शस्त्रक्रिया न होताच मोठ्या झालेल्या रुग्णांची पाहणी सुरू केली. त्यांचा वरचा जबडा बराचसा नीट वाढलेला आढळला. पण ज्यांची टाळू उशिरा शिवली, त्यांचे बोलणे फारसे सुधारले नाही. नाकातून बोलण्याची सवय एकदा जडली की ती सहसा जात नाही.

आता पालकांनीच विचार करावा. मागे राहिलेला जबडा पुढे आणता येतो, पण बोलायला शिकण्याचे वय परत आणता येत नाही. म्हणून ओठ तीन ते सहा महिन्यांत आणि टाळू साधारण नऊ ते अठरा महिन्यांत शिवून घ्यावी, असेच माझे स्पष्ट मत आहे.

आपली खरी चूक त्यानंतर होते. ओठ शिवला, फोटो निघाला, की दवाखान्याची वाट बंद. वास्तविक बोलण्याचे शिक्षण पुढे चालू ठेवावे लागते. हिरडीत फट असेल तर आठ ते अकरा वर्षांच्या सुमारास, सुळा येण्याआधी, तेथे हाड बसवतात. दातांना तार लावावी लागते. जबडा फारच मागे राहिला तर वाढ पूर्ण झाल्यावर, सतरा-अठराव्या वर्षानंतर, त्याची शस्त्रक्रिया करतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. त्यात हा दोष समाविष्ट आहे आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुले येतात. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी करते. किती ओठ शिवले एवढेच मोजू नये. त्यांतली किती मुले अठराव्या वर्षी नीट बोलतात, नीट चावतात, हेही मोजावे. आणि पालकांनी बाळाची फाईल जपून ठेवावी. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ती लागणार आहे.